सहावं डोकं

कोरियात राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षातून दोनदा एकच प्रश्न छळतो. एकदा थंडीत, सॉल्लाल म्हणजे त्यांचं नववर्ष जवळ आलं की, आणि एकदा भाद्रपदाच्या सुमारास, छुसॉक जवळ आला की. प्रश्न असा: "मग, सुट्टीत कुठे?"

विचारणारा स्वतः कुठेतरी चाललेला असतो हे सांगायला नको. त्याने जेजू बेटाची विमानाची तिकिटं जूनमध्येच काढलेली असतात. आपण "अजून ठरलं नाही" म्हटलं की तो "अरेरे, आता काही मिळायचं नाही" म्हणतो आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो पुढे जेजूच्या किनाऱ्यावरही त्याला मिळत नसावा.

छुसॉक म्हणजे त्यांच्या आठव्या चांद्र महिन्यातली पौर्णिमा. या दिवशी कोरियन माणूस गावी जातो. पूर्वजांपुढे ताटं मांडतो, डोंगरातल्या थडग्यांवरचं गवत काढलेलं असतं तिथे जाऊन वाकतो, थोरल्या भावाशी जमिनीवरून भांडतो, आणि परत येतो. सगळी राजधानी दक्षिणेकडे कलंडते. मागे उरलेलं सोल इतकं मोकळं होतं की जुने राजवाडे त्या दिवसांत फुकट बघता येतात आणि गाडी लावायला जागासुद्धा मिळते. अशा वेळी, ज्यांचं कोरियात गाव नाही, थडगं नाही आणि थोरला भाऊही नाही, त्यांनी काय करावं? घरी बसावं. आमच्या शेजारच्या आजींनी हे लिफ्टमध्ये स्वच्छ सांगितलं. "आम्हाला जावंच लागतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलंय?"

पण २०२३ साली सरकारने मधल्या सोमवारीही सुट्टी देऊन टाकली आणि २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर असे सलग सहा दिवस हातात आले. तो सोमवार नेमका २ ऑक्टोबरचा. सांगलीहून आमच्याकडे राहायला आलेले सासरे ती गांधीजयंतीची सुट्टी आहे असं समजून शेवटपर्यंत या देशावर खूश होते. त्यांना खरं सांगायचं कुणाच्या जिवावर आलं नाही. आणि सहा दिवस सुट्टी मिळून घरी बसलो, हे वाक्य तर मराठी माणसाला पुढे जन्मभर कुणाला सांगता येत नाही. तेव्हा जायचं ठरलं. ग्यॉन्गजूला. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या सिल्ला राज्याची राजधानी, बुलगुक्सा नावाचं मोठं देऊळ, बुद्धमूर्ती. सासूबाईंना देव मिळेल, सासऱ्यांना दगडकाम, लेकीला आइस्क्रीम आणि मला स्वयंपाकाला सुट्टी, असा हिशेब होता.

आगगाडीची तिकिटं मिळणार नव्हतीच. तरी नवरा आरक्षण उघडायच्या दिवशी भल्या सकाळी दोन लॅपटॉप आणि तीन मोबाइल मांडून बसला. पडद्यावर रांगेतला नंबर आला, पाच आकडी. तो हळूहळू उतरला, चार आकडी झाला, तीन आकडी झाला, घरात सगळ्यांनी श्वास रोखले, आणि पान उघडलं तेव्हा एकच जागा शिल्लक होती. उलट्या दिशेची.

"रस्त्याने जाऊ," नवरा म्हणाला. एरवी चार तासांचा रस्ता छुसॉकला आठ-नऊ तासही खातो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण नवऱ्याच्या डोळ्यांत चमक होती. त्याला निळी रेघ सापडली होती.

सोल ते बुसान असा जो ग्यॉन्गबू महामार्ग आहे, त्याच्या सगळ्यांत डावीकडच्या लेनला निळी रेघ आहे. ती लेन बसगाड्यांची. बाकी जग खोळंबलेलं असताना बसगाड्या तिथून सुसाट जातात. पण नियमात एक खिडकी आहे. तुमची गाडी नऊ आसनांची असेल आणि आत किमान सहा माणसं बसलेली असतील, तर तुम्हीही त्या लेनमधून जाऊ शकता. नवऱ्याने तडकाफडकी नऊ आसनी कार्निव्हल भाड्याने ठरवली आणि मग आम्ही माणसं मोजायला बसलो. मी, नवरा, लेक, आई, बाबा. पाच. पुन्हा मोजली. पाच. मग बाबांनी स्वतः मोजली, कारण ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि दुसऱ्याचं मोजमाप त्यांना चालत नाही. पाच.

"एक माणूस कमी पडतोय," नवरा म्हणाला. लग्न झाल्यापासून आम्ही दुसऱ्या मुलाचा गंभीरपणे विचार केला असेल तर तो त्या संध्याकाळी.

नवऱ्याच्या ऑफिसात जळगावचा एक मुलगा होता. एकटा राहणारा, सुट्टी खोलीवर झोपून काढायचा त्याचा पक्का बेत. त्याला आम्ही जेवायला बोलावलं. दुसरी पुरणपोळी पानात पडल्यावर नवऱ्याने सहज विचारावं तसं विचारलं.

"ग्यॉन्गजू बघितलंस का रे?"

"नाही दादा."

"मग चल आमच्याबरोबर. गाडीत जागा आहे."

पोरगा भारावला. "दादा, वहिनी, परक्या देशात तुम्ही मला इतकं घरच्यासारखं..." आम्ही दोघांनी आमटीत बघितलं. बाबा मात्र सरळ माणूस. म्हणाले, "तसं काही नाही. सहा डोकी लागतात."

त्या दिवसापासून त्याचं नाव सहावा पडलं. आईवडिलांनी बारशाला त्याचं चांगलं चार अक्षरी नाव ठेवलं होतं, पण आमच्या घरात "सहाव्याला तूप वाढ", "सहाव्याचा फोन आलाय" असंच चालायचं. लेक तर त्याला सहावाकाका म्हणू लागली. तोही बिचारा ओ देत असे.

निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसातून सणाची भेट आली. मोठा देखणा खोका, रेशमी पिशवीत. उघडला तर आत बाटलीभर खायचं तेल आणि भोवती शिस्तीत रचलेले डुकराच्या मांसाचे डबे. कोरियात सणाला हे डबे अत्यंत मानाने देतात. आईंनी तेल काढून घेतलं, उरलेल्या खोक्यावर चिमूटभर हळद टाकली आणि "हे आत्ताच्या आत्ता बाहेर" म्हणाल्या. मी तो घेऊन शेजारच्या आजींकडे गेले. आजी हसल्या, आत गेल्या आणि तसाच खोका घेऊन बाहेर आल्या. त्यांना मुलाने दिला होता. जावयाने दिलेला वेगळा. शेवटी त्यांनी आमचा ठेवून घेतला आणि बदल्यात ताटभर सोंगप्यॉन दिले. तांदळाच्या पिठीची अर्धचंद्राच्या आकाराची उकड, आत तीळ-साखर, आणि पाइनच्या पात्यांवर वाफवलेली. आईंनी एक उचलून उलटसुलट पाहिला, वास घेतला, खाल्ला, चिकटलेलं पातं बाजूला काढलं. मग निकाल दिला: "सारण बरं आहे. कळ्या पाडायचा मात्र कंटाळा केलाय."

प्रवासाचा तक्ता नवऱ्याने एक्सेलमध्ये केला होता. पहाटे ४.०० प्रस्थान, ५.१५ चहा, ५.२५ चहा समाप्त. कोरियन दूरचित्रवाणी सणाच्या आधी दोन-तीन दिवस कुठल्या तासाला किती गर्दी होईल याचा अंदाज सांगत असते, आणि पहाटे लवकर निघावं असा सल्ला देते. सबंध देश तो सल्ला ऐकतो आणि पहाटे लवकर निघतो. आम्हाला ही चिंता नव्हती, कारण आम्ही सव्वासातला निघालो. बाबांची अंघोळ, आईंच्या दशम्या, लेकीचा हरवलेला मोजा, नंतर सापडलेला मोजा, नंतर हरवलेला दुसरा मोजा. वेळेवर आला होता एकटा सहावा. तो पावणेचारपासून सोफ्यावर बसल्या बसल्या घोरत होता.

"अनंत चतुर्दशीला कुणी प्रवासाला निघतं का?" आई दारात थबकून म्हणाल्या. आमचे गणपती दीड दिवसाचे, ते कधीच बादलीतून मार्गस्थ झाले होते, पण तिथी ती तिथी.

"आज सगळं पुणं रस्त्यावर असतं," बाबा म्हणाले. "आपणही रस्त्यावरच चाललोय. चल."

निळ्या रेघेवर गाडी चढली आणि काय सांगावं! उजवीकडे चार लेनमध्ये गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. बायका पाय वर घेऊन बसलेल्या, बापे स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून. आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत निघालो, सुळ्ळकन. गाडीत एकदम राजकीय वातावरण तयार झालं. बाबा ताठ बसले. अडकलेल्या एकेका गाडीकडे ते जो कटाक्ष टाकत होते, तो त्यांनी खात्यात असताना ठेकेदारांसाठी राखून ठेवलेला होता. "नियम वाचायला हवेत माणसाने," असंही दोनदा म्हणाले. नियम त्यांनी वाचला नव्हता. त्यातून टोल माफ. सणाच्या चार दिवसांत महामार्गावर टोल पडत नाही हे कळल्यापासून बाबा प्रत्येक टोलनाक्याला हात जोडत होते.

एकच कटकट होती. गाडीत सहा माणसं असून भागत नाही, ती आहेत हे दिसायलाही हवं, असं नवऱ्याच्या डोक्यात बसलं होतं. या दिवसांत पोलीस ड्रोनमधूनसुद्धा लेनवर नजर ठेवतात हे त्याने वाचलेलं. आणि कोरियातल्या गाड्यांच्या काचा तर अशा काळ्या की आत माणूस आहे की माणसाचा कोट, कळत नाही. त्यामुळे दर पाच मिनिटांनी मागे हुकूम सुटायचा.

"आई, डोकं वर."

"अरे, मान अवघडली. जरा आडवी होते."

"आडवी झालीस की आपण पाच. पोलीस वरून बघतात."

"वरून माझं डोकं दिसेल की गाडीचं छप्पर?"

यावर गाडीत शांतता पसरली. बाबांनी खात्याच्या अनुभवातून "तिचं बरोबर आहे" असा अभिप्राय दिला. पण नवरा ऐकेना. सहावा झोपेत डावीकडे कलला की लेक त्याला सीटबेल्टला धरून उभा करायची. आई शेवटी दोन्ही हातांनी पुढच्या सीटला धरून, मान ताठ ठेवून, फोटोला बसल्यासारख्या बसल्या. सुमारे शंभर किलोमीटर.

शंभर किलोमीटर, कारण सिन्तानजिन आलं आणि निळी रेघ संपली.

"संपली म्हणजे?" मी विचारलं.

"लेन इथपर्यंतच आहे."

"तुला ठाऊक होतं?"

"नियमाच्या दुसऱ्या परिच्छेदात होतं," तो म्हणाला. "मी पहिल्या परिच्छेदावरच खूश झालो."

आम्ही उजवीकडे वळून सामान्य जनतेत सामील झालो. आम्हाला आत घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतलं नसतं. पुढचे कित्येक तास आमच्या बाजूला एक पांढरी गाडी होती. तिच्या खिडकीतून एक झिपरं कुत्रं बाबांकडे एकटक पाहत होतं. बाबांनी नजर चुकवली, वर्तमानपत्र उघडलं. ते सकाळ होतं, आठवड्यापूर्वीचं, लाडू गुंडाळून आलेलं.

गाडीतल्या नकाशावाल्या बाईला मात्र या सगळ्याचं काही नव्हतं. कोरियात गुगलचा नकाशा तेव्हा गाडी चालवायला रस्ता सांगत नसे, त्यामुळे इथलीच बाई घ्यावी लागे. ती अतिशय मंजुळ आवाजात दर दोन मिनिटांनी काहीतरी सांगून टुंग करत होती.

"काय म्हणतेय ती?" बाबा.

"पुढे कॅमेरा आहे. शंभरच्या पुढे जाऊ नका म्हणतेय."

बाबांनी काट्याकडे पाहिलं. काटा आठावर होता. "तिला म्हणावं, आम्ही प्रयत्न करतोय."

दुपारी लेकीने मोबाइलवर पुण्याची मिरवणूक लावली. तिकडे सकाळचे साडेदहा, इकडे दोन. मानाचा पहिला, कसबा गणपती, मंडईतून निघत होता. आईंनी मोबाइललाच नमस्कार केला. आता मिरवणुकीचा वेग सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पुढे ढोल, मागे ढोल, चौकाचौकात थांबा, अर्धा तास एकाच दुकानासमोर. आम्ही पांढऱ्या गाडीच्या बाजूला होतो. थोड्या वेळाने लेक म्हणाली, "आजी, गणपती बेलबाग चौकात आला."

"आणि आपण?"

लेकीने बाहेर पाहिलं. "कुत्रं तेच आहे."

छुपुंग्न्यॉंगचं विश्रांतिस्थळ आलं तेव्हा आमच्यात फक्त लेकच स्वतःच्या पायांनी सरळ चालत होती. सोल आणि बुसानच्या जवळपास मध्यावरची ही खिंड. देशातलं पहिलं महामार्ग विश्रांतिस्थळ १९७१ साली इथे उघडलं, आणि महामार्ग पूर्ण झाल्याचा स्मारकस्तंभही इथेच आहे. नवऱ्याने बाबांना खूश करायला माहिती सांगितली: काम १९६८च्या फेब्रुवारीत सुरू झालं, ७ जुलै १९७० रोजी ४२८ किलोमीटरचा रस्ता खुला. बाबांनी बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. चेहऱ्यावरचा रंग उतरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "भूसंपादन?"

ते दुःख ते स्वच्छतागृहात विसरले. कोरियन महामार्गावरचं स्वच्छतागृह ही बघायचीच गोष्ट आहे. संगीत, कुंडीत फुलं, आणि दारावर पाटी, तीत किती खोल्या रिकाम्या आहेत ते दिव्यांनी दिसतं. बाबा आत गेले ते वीस मिनिटांनी, फोटो काढून आले. सांगलीच्या त्यांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला नंतर जे सहलीचे फोटो गेले, त्यांत बुद्ध एक आणि नळ अकरा होते.

जेवणाचं यंत्रावर सांगायचं असतं. मी वर्षभर दर शनिवारी कोरियन भाषेच्या वर्गाला गेले आहे, त्यामुळे सगळे मोठ्या आशेने माझ्या मागे उभे राहिले. मी पहिला शब्द वाचत असताना यंत्राने "अजून वेळ हवा का?" असं विचारलं. ते वाचत असताना यंत्र मूळ पानावर गेलं. तिसऱ्या खेपेला मागच्या एका शाळकरी मुलाने माझ्या खांद्यावरून हात घालून पाच बिबिंबाप दाबले. मी आत जाऊन स्वयंपाकघरातल्या बाईंना निक्षून सांगितलं, मांस नको. त्यांनी जोरात मान हलवली. बिबिंबाप आला, भात, पालक, गाजर, अंडं, आणि वर हॅमच्या कापट्या. हे मांस आहे, असं मी म्हटल्यावर बाई खरोखरच चकित झाल्या. त्यांच्या मते मांस म्हणजे मांस, हे तर हॅम. आईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. सहाव्याने पाचही वाट्यांवरचं हॅम निवडून खाल्लं. मग भात. मग आईंच्या दशम्या. मग बाहेर जाऊन अक्रोडाची ती गरम गोळ्यांसारखी बिस्किटं. तो कोणत्या मोबदल्यात आमच्याबरोबर आला होता हे मला तेव्हा कळलं.

तिथेच बाकावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसले होते. त्यांनी आम्हाला कुठले म्हणून विचारलं. भारत म्हणताच ते उठून उभे राहिले आणि आईंपुढे कमरेत वाकले. ते गिम्हेचे किम निघाले. गिम्हेच्या किमांची मूळ आजी म्हणजे राणी हो ह्वांग-ओक. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात कथा आहे की ती आयुता नावाच्या देशाची राजकन्या, इसवी सन ४८ मध्ये समुद्रमार्गे आली आणि राजा सुरोशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या असं इथे पुष्कळजण मानतात. गिम्हे किम लाखांनी आहेत, त्यामुळे भारतीय माणसाला कोरियात कधीही, कुठेही नातेवाईक भेटू शकतो.

माझं मोडकं कोरियन आणि मोबाइल यांच्यामार्फत हे सगळं आईंपर्यंत पोचलं. आईंच्या पाठीचा कणा त्या दिवसात प्रथमच आपण होऊन ताठ झाला. "म्हणजे आपल्याकडची मुलगी यांना दिलेली," त्या म्हणाल्या. त्यापुढचं संभाषण त्यांनी मुलीकडच्या म्हणून चालवलं. गिम्हेचे किम आणि गिम्हेचे हो एकाच कुळाचे म्हणून परंपरेने आपसांत लग्न करत नाहीत, हे आजोबांनी सांगताच त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "बघ. सगोत्र. कुठेही जा, नियम नियम असतात." आजोबांनी कोरियन रिवाजाप्रमाणे वय विचारलं. आईंनी दोन वर्षं कमी सांगितलं. त्या वर्षी जूनमध्येच सरकारने कायदा करून सगळ्या देशाचं वय वर्ष-दोन वर्षांनी कमी केलं होतं, तेव्हा आजोबांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बुंदीचा लाडू घेऊन ते निघाले. आई गाडीत बसताना म्हणाल्या, "साडी द्यायला हवी होती."

ग्यॉन्गजूला रात्री पोचलो. कसबा गणपतीही तोवर अलका चौकात पोचला होता. तो लवकर पोचला.

नवऱ्याने हौसेने पारंपरिक कोरियन घर घेतलं होतं, हानोक. कौलारू छप्पर, कागदी दारं, पाच तारांकित हॉटेलचा दर. आईंनी दार सरकवलं, आत पाहिलं, आणि परत माझ्याकडे पाहिलं.

"पलंग?"

"इथे जमिनीवर गादी घालून झोपतात, आई. तीच तर मजा आहे."

"सांगलीला मी जमिनीवर झोपते तेव्हा तू पैसे घेतेस का?"

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाणावळी बंद होत्या, कारण सण. खाणावळवाल्यांनाही गाव असतं हे तक्त्यात नव्हतं. दशम्या संपत आल्या होत्या आणि सहावा जागा होता.

गावाविषयी थोडक्यात सांगते, कारण गावाची काही चूक नाही. गावाच्या ऐन मध्यात सिल्ला राजांच्या समाध्या आहेत, हिरवळीचे प्रचंड गोल उंचवटे, आणि लेकीला प्रत्येकावरून घसरायचं होतं. तिला प्रत्येक वेळी "तिथे राजा झोपलाय" असं सांगावं लागलं. "एवढ्या मोठ्याला किती राजे?" तिने विचारलं. मग आम्ही सातव्या शतकातली छॉमसॉन्गदे ही वेधशाळा बघायला गेलो. आशियातल्या सर्वांत जुन्या शिल्लक वेधशाळांपैकी एक. उंची नऊ मीटर. बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. "आणि बाकीची?" म्हणाले. बुलगुक्सात दाबोताप नावाचा दगडी मनोरा आहे, तोच दहा वॉनच्या नाण्यावर असतो. नाणं पुढे धरून एक डोळा मिटून बघायचं, ते लेकीने पंधरा मिनिटं केलं. बाहेर त्याच नाण्याच्या आकाराची, आत चीज भरलेली पोळी मिळते. दहा वॉनचं नाणं म्हणजे आपले साठ-बासष्ट पैसे. पोळी तेव्हा तीन हजार वॉनला होती. बाबांनी हा घोटाळा विकणाऱ्याच्या लक्षात आणून द्यायचा आग्रह धरला, पण मला तेवढं कोरियन येत नाही.

देवळात मात्र गंमत झाली. मुख्य मंदिरात एक कोरियन आजी साष्टांग नमस्कार घालत होत्या, एकशेआठ घालायची पद्धत आहे. आई दाराशी उभ्या राहून मोजू लागल्या. "ती माझ्याहून मोठी आहे का गं?" त्यांनी विचारलं. "असेल, पाच-सहा वर्षांनी." पुढच्या क्षणी आईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि शेजारच्या आसनावर सुरुवात केली. कोरियन आजींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. वेग वाढला. आईंनीही वाढवला. बुद्ध दोघींकडे समदृष्टीने पाहत होते. एकविसाव्या नमस्काराला आई खाली गेल्या त्या वर आल्याच नाहीत. सहाव्याने आणि नवऱ्याने काखेत हात घालून उठवलं. "एकशेआठ झाले," त्या म्हणाल्या. कुणी वाद घातला नाही. त्यापुढे तोहाम डोंगरावरच्या सॉक्कुराम गुहेतला बुद्ध त्यांनी काचेपलीकडून पाहिला, आणि प्रदक्षिणा घालता येत नाही हे कळल्यावर प्रथमच कोरियन पुरातत्त्व खात्याचे मनापासून आभार मानले.

रविवारी सकाळी सहाव्याने बॉम्ब टाकला. "काकू, माझे मित्र बुसानला आलेत. मी तिकडे जाऊ का? तिथून बसने परत येईन."

आई म्हणाल्या, "जा की बाळा, मजा कर." बाबा, नवरा आणि मी एकाच वेळी "नाही!" म्हणालो. पोरगं दचकलं. मग नवऱ्याने सावरलं, म्हणजे त्याची आठवण येईल, सवय झाली आहे वगैरे. बाबांनी तीन दिवसांच्या खाण्याचा खर्च मनातल्या मनात काढला असावा असं त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. सहावा गेला. आम्ही फाटकाशी उभं राहून त्याला निरोप दिला आणि खरंच सांगते, डोळे भरून आले. वैयक्तिक काही नव्हतं.

सुट्टी अजून मंगळवारपर्यंत होती. पण टोलमाफी रविवारी मध्यरात्री संपत होती. "टोल भरून परत जायचं?" बाबांनी विचारलं. या प्रश्नाला मराठी माणसाकडे एकच उत्तर असतं, आणि त्या रविवारी अनेक कोरियन माणसांकडेही तेच होतं असं महामार्गावर चढल्यावर दिसलं.

सिन्तानजिनच्या आधीच्या विश्रांतिस्थळावर थांबलो तेव्हा बाबा चहा न घेताच गर्दीत शिरले. ते डोकी हेरत होते. "तो एकटा दिसतोय," ते मला खुणावत. "तो पोलीस आहे, बाबा." तेवढ्यात आमच्याच गाडीसारखी एक काळी कार्निव्हल शेजारी येऊन लागली. आतून एक तेलुगू जोडपं, दोन मुलं आणि एक आजी उतरली. त्यातल्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं, ओठ हलवत आम्हाला मोजलं, आणि नवऱ्याने त्यांना मोजलं. दोघांचे चेहरे एकदम पडले. पाच आणि पाच.

मग तहाची बोलणी सुरू झाली. सगळे मिळून दहा. एका गाडीत आसनं नऊ. दहांतून सहा गेले की चार, म्हणजे कुणीतरी एकजण द्यायचा आणि कुणीतरी मागे राहायचं, हा हिशेब बाबांनी टिश्यू पेपरवर मांडून दाखवला. नवऱ्याने त्यांच्या थोरल्या मुलाला आमच्या गाडीतला टॅब्लेट दाखवला. त्यांच्या बायकोने डबा उघडला. लिंबूभात. मग थर्मास उघडला. फिल्टर कॉफी. त्यांच्या आजी, तीन महिने घरात बोलायला कुणी नाही म्हणून गांजलेल्या, आईंच्या शेजारी येऊन बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघींनी गुडघ्यांवर हात ठेवला आणि विषय सुरू झाला.

आईंनी कॉफीचा घोट घेतला. काळ्या गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर दोन जाड उशा होत्या.

"त्यांच्यात आडवं होऊ देतात का, विचार," त्या मला म्हणाल्या.

मी विचारलं. गृहस्थ गोंधळले. "का नाही?"

आईंनी पदर खोचला, चटणीची बरणी आणि उरलेला लाडवांचा डबा उचलला, मुलाकडे एकदा पाहिलं आणि काळ्या गाडीत जाऊन बसल्या.

पुढे सिन्तानजिनला निळी रेघ सुरू झाली आणि आम्ही चौघं उजवीकडच्या रांगेत उभे राहिलो. नकाशावाल्या बाईने टुंग केलं. डावीकडून काळी कार्निव्हल आली, सुळ्ळकन, मागची काच खाली होती. आई उशीला टेकून बसल्या होत्या, हातात कॉफीचा पेला. त्यांनी आम्हाला ओळख दाखवली.

बाबा ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग पुढे वाकून नवऱ्याला म्हणाले, "नऊ आसनं आहेत ना रे त्यांच्यात? सातवा चालला असता की."